बोअरचं पाणी, शेजारचा शोषखड्डा अन् लेआऊटमधली कावीळ

पायलीभर_पाणी | २४ ऑगस्ट, रात्री ९:४०

राजेहो, जरा लांबण लागेल, पण वाचा आणि सुचेल ते सांगा.

आम्ही नागपूरच्या बेसा-पिपळा बाजूच्या एका लेआऊटमध्ये राहतो. २२ घरं. पेंच धरणाचं नळाचं पाणी चौकापर्यंत आलंय, आत नाही. पाइपलाइन "येऊन राहिली" हे मी मुलगी पहिलीत होती तेव्हापासून ऐकतोय, ती आता सहावीत आहे. तोवर मोकळ्या प्लॉटमधला सामायिक बोअर, २४० फूट खोल, सबमर्सिबल, दहा हजार लिटरची टाकी आणि तिथून घरोघरी नळ. कोपऱ्यात इथे शेत होतं तेव्हाची बांधीव विहीर पण आहे. तिच्यात आता निर्माल्य आणि क्रिकेटचे चेंडू.

जुलैच्या शेवटी एका घरच्या पोराला कावीळ झाली. मग त्याच रांगेत आणखी दोघांना. मग समोरच्या काकूंना. चार झाल्यावर लेआऊटच्या ग्रुपवर निकाल लागला की हे चौकातल्या पाणीपुरीमुळे. आठ दिवस त्या माणसाला ठेला लावू दिला नाही. काकू आयुष्यात कधी पाणीपुरी खात नाहीत, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मी आपली एक एचटूएसची बाटली आणली. खेड्यात आरोग्यवाले वापरतात ती छोटी काचेची. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि उबेला ठेवून द्यायची. मैल्याचे जंतू असले तर पाणी काळं पडतं. रात्री दहाला भरली, फ्रिजच्या वर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर आत शाई. पिवळसर पाणी होतं ते काळंकुट्ट.

मग बोअरपाशी गेलो. इतकी वर्षं रोज त्याच्या बाजूनं स्कूटर काढतो, पण वाकून कधी पाह्यलं नव्हतं. केसिंग पाइप जमिनीच्या बरोबरीनं कापलेला, त्यावर कडप्प्याचा तुकडा, तुकड्याला खाच पाडून केबल बाहेर काढलेली. भोवती चिखल, कारण लोक तिथेच गाड्या धुतात. पाइप आणि जमीन यांच्यामध्ये दोन बोटं जाईल एवढी फट. एक बादली पाणी आणलं आणि केसिंगच्या बाजूला हळूहळू ओतलं. चिखल व्हायला पाहिजे होता ना? नाही झाला. गुळगुळ आवाज करत बादली मिनिटाच्या आत गेली. कुठे गेली ते सांगायची गरज नाही.

वरच्या अंगाला, टेपनं मोजून ३२ फुटांवर, एका घराचा शोषखड्डा आहे.

घरोघरी आरओ आहेत, २२ पैकी १७ घरांत. तरी कावीळ झाली. आता आधी काय करू? टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून भागेल का? शेजाऱ्याला काही नियम दाखवता येईल का?


तर्री_जास्त | २४ ऑगस्ट, रात्री १०:०५

भाऊ काऊन एवढं टेन्शन घेता. सगळ्यांनी मिळून टाकीवरच मोठा आरओ बसवून टाका. आमच्या अपार्टमेंटमध्ये बसवला, टीडीएस ९०. पाणी एकदम बिसलेरी.


काळा_पाषाण | २४ ऑगस्ट, रात्री १०:५०

तर्रीभाऊ, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतूंचा त्यात हिशोबच नसतो. टीडीएस ९० असलेल्या पाण्यातही मैला असू शकतो आणि ९०० असलेलं खारट पाणी जंतूंच्या बाबतीत स्वच्छ असू शकतं. त्या खिशातल्या मीटरनं नागपुरात जेवढा गैरसमज पसरवलाय तेवढा कोणी पसरवला नसेल.

मूळ प्रश्नावर उद्या सविस्तर लिहितो. भूजलाच्या कामात माझी तीस वर्षं गेली, आता निवृत्त आहे. तोपर्यंत एक करा: आज रात्रीपासून पिण्याचं पाणी उकळून घ्या, पोरांना अंगणातल्या नळाला तोंड लावू देऊ नका.


नाडीपरीक्षा | २५ ऑगस्ट, सकाळी ७:१५

मी डॉक्टर आहे, हिंगणा रोडला. घाईत दोनच गोष्टी.

पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, पाणी प्यायल्याबरोबर होत नाही. ए ला १५ ते ५० दिवस लागतात, ई ला साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त. म्हणजे जुलैअखेरीस दिसलेली कावीळ ही जूनच्या शेवटच्या किंवा जुलैच्या सुरुवातीच्या पाण्याची. पहिला मोठा पाऊस तुमच्याकडे कधी झाला ते आठवा. आजचं पाणी स्वच्छ निघालं तरी त्यावरून तेव्हाचं पाणी निर्दोष ठरत नाही.

दुसरं, लेआऊटमध्ये कोणी गरोदर असेल तर तिच्या घरी आजच जाऊन सांगा. हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेततो. याला लाजू नका.

आणि रुग्णांची माहिती जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. चार रुग्ण एका लेआऊटमध्ये म्हणजे तो घरगुती मामला राहिला नाही.


पायलीभर_पाणी | २५ ऑगस्ट, सकाळी ८:०२

डॉक्टरसाहेब, अंगावर काटा आला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री असा धो धो पडला की प्लॉटमध्ये घोटाभर पाणी होतं. बोअर त्याच पाण्यात होता.

एका घरी सून सात महिन्यांची आहे. आत्ता जाऊन आलो. ती आजच माहेरी जातेय.


काळा_पाषाण | २५ ऑगस्ट, दुपारी १२:३०

आता सविस्तर.

नागपूर हे दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्वेकडच्या कडेवर वसलेलं आहे. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती काळ्या पाषाणाची. पूर्वेला सरकलं की जुना ग्नाइस खडक लागतो, उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म. तुमच्या बोअरमधून निघालेला चुरा बहुतेक काळा असेल, वर थोडी काळी माती, मग मुरूम, मग कठीण खडक. बरोबर?

आता लोकांची समजूत अशी की पाणी जमिनीत मुरतं म्हणजे ते आपोआप गाळलं जातं. माती आणि वाळूत ते खरंच घडतं. पाणी कणाकणातून हळू जातं, जंतू अडकतात, मरतात. काळ्या पाषाणात मात्र पाणी राहतं ते फटींत आणि सांध्यांत. फटीतून पाणी गाळलं जात नाही, ते नुसतं वाहतं. वर टाकलेला मैला आठ-दहा तासांत शंभर फूट लांबच्या बोअरमध्ये निघाल्याची उदाहरणं मी स्वतः पाहिली आहेत. तुमचा पंप चालू झाला की तो त्या फटींना ओढ लावतो, मग वेग आणखी वाढतो.

म्हणून तुमच्याकडे घाण यायच्या दोन वाटा आहेत, आणि दोन्ही वेगळ्या बंद कराव्या लागतील.

पहिली वाट केसिंगची. बोअरवाले मुरूम ढासळू नये म्हणून वीस-तीस फूट पीव्हीसी पाइप घालतात, खालचं भोक तसंच उघडं असतं. पाइप आणि मातीमधली जागा सिमेंटच्या गाऱ्यानं भरायला हवी. आपल्याकडे ती निघालेल्या चुऱ्यानं भरतात, कारण चुरा फुकट असतो. वर्षभरात चुरा बसतो आणि पाइपच्या बाहेरून थेट विवर तयार होतं. तुमच्या बादलीनं तेच दाखवलं. यावर उपाय असा: केसिंगभोवती मीटरभर रुंद आणि निदान दीड मीटर खोल खणा, सैल माती काढा, सिमेंटचा गारा भरा. केसिंगला जोड देऊन जमिनीपासून दोन फूट वर आणा. भोवती बाहेर उतार असलेला पक्का ओटा. वर नटबोल्टचं झाकण, केबलच्या छिद्राला रबर. गाड्या धुणं बंद, हे सांगायला नकोच.

दुसरी वाट खालून, खडकातून. तिथे ओटा कामाचा नाही. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून निदान १८ मीटर लांब असावा असं भारतीय मानक २४७० सांगतं. तुमचे ३२ फूट म्हणजे दहा मीटर पण नाही. आणि तो १८ मीटरचा आकडाही जंतू मातीत अडकतील हे धरून काढलेला आहे. फटींच्या खडकात मी १८ वर भरवसा ठेवणार नाही.

पण शेजाऱ्याशी भांडायच्या आधी पुरावा गोळा करा. प्रयोगशाळेतून क्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही तपासा. दोन्ही एकत्र चढलेले असतील तर सांडपाण्याचा संशय बळावतो. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तिच्यात सवलत नाही. टीडीएसला ५०० च्या वर २००० पर्यंत दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेतात, नायट्रेटला तसं नाही.

आणि एक जुना खेळ आहे, मिठाचा. तुमची तयारी असेल तर सांगतो.


नाडीपरीक्षा | २५ ऑगस्ट, दुपारी १:१०

काकांच्या मुद्द्याला जोडून: नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या वरच्या दुधात असलं पाणी वापरलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटते, बाळ निळसर पडतं. जंतूंसाठी उकळा, पण नायट्रेटवाल्या घरी बाळाच्या दुधाला दुसरीकडून पाणी आणा.


माहेर_कळमेश्वर | २५ ऑगस्ट, दुपारी ३:४५

शहरातले लोक बाटली काळी झाली म्हणून इतके दचकतात याची मला गंमत वाटते. आमच्या गावात ती बाटली नवलाची नाही. २०१९ ला जलजीवन मिशन आलं तेव्हापासून गावागावात पाच बायांना पाणी तपासायचं शिकवलं. माझी वहिनी त्यातली एक. तिच्याकडे किटची पेटी असते, आणि खरं सांगते, सरपंच तिला टरकून असतो.

आमच्याकडे ग्रामपंचायतीला पाण्याचं कार्ड मिळतं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, आरोग्यवाले येतात. विहिरीला कठडा आहे का, भोवती उकिरडा आहे का, पाइप गळतो का, टीसीएलचा साठा आहे का हे सगळं बघतात. धोका जास्त तर लाल, मध्यम तर पिवळं, ठीक असेल तर हिरवं. पाच वर्षं सलग हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. आमच्या गावाला एकदा लाल मिळालं होतं. पाणी तेव्हा चांगलं होतं, पण विहिरीपासून बारा पावलांवर कोणाचं तरी शेणखताचं उकंडं होतं. लग्नकार्यात लोक टोमणे मारायचे, लाल कार्डवाले आले म्हणून.

तुमच्या लेआऊटला कार्ड कोण देतं? कोणीच नाही ना? तिथेच खरी गोम आहे दादा. खेडं सुटलं आणि शहर लागलं नाही.

टीसीएलबद्दल एक. पोत्याचं तोंड उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं, की क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो चुना. गावोगावी टाकीत चुना पडतो आणि रजिस्टरमध्ये "शुद्धीकरण केले" पडतं. म्हणून वहिनी टाकून झाल्यावर शेवटच्या घरच्या नळाचं पाणी घेते आणि ओटीचे थेंब टाकते. पिवळं झालं तर क्लोरीन पोचला, नाही तर नाही. पहिल्या घरी कधीच तपासत नाही. पहिल्या घरी सगळं चांगलंच असतं.


तर्री_जास्त | २५ ऑगस्ट, दुपारी ४:२०

ताई, शेवटचं घर. हे भारी आहे. मी माझ्या अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर जाऊन येतो.


संत्र्याचा_मृगबहार | २५ ऑगस्ट, रात्री ८:३०

सगळे सांडपाण्यावर बोलून राह्यले, म्हणून शेतकऱ्यानं आपली चूक आपणच सांगितलेली बरी.

काटोलकडे माझी संत्र्याची बाग आहे. विहिरीच्या काठावर फवारणीची टाकी भरायची, विहिरीवरच्या मोटरचा पाइप टाकीच्या तळापर्यंत सोडायचा, औषध आधीच टाकीत. दहा वर्षं असंच केलं. एक दिवस टाकी भरत असताना लाइट गेली. मोटर थांबली. मी उभा होतो म्हणून दिसलं, नाही तर कळलंही नसतं. टाकीतलं पाणी खाली उतरायला लागलं. पांढरं, औषधाचं पाणी, पाइपमधून उलटं विहिरीत. सायफन. पाइप उपसेपर्यंत चार बोटं पाणी गेलं होतं. त्याच विहिरीचं पाणी माझी माय पीत होती.

विहीर तीन वेळा उपसली, दीड महिना पाणी बाहेरून आणलं. आता पाइप टाकीच्या तोंडाच्या वर वीतभर अधांतरी धरतो, पाण्याला कधी टेकू देत नाही, आणि ठिबकला युरिया सोडायच्या जागी एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवला. खत सोडणाऱ्या प्रत्येकानं हे बसवायला पाहिजे.

युरियाचं म्हणाल तर आम्ही जास्त टाकतो, हे खरं आहे. झाडानं न घेतलेला नत्र पहिल्या पावसात खाली जातो.


काळा_पाषाण | २५ ऑगस्ट, रात्री ९:१०

मृगबहार, तुमच्या कबुलीला दाद. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेले देशातले १५ जिल्हे दिले होते, त्यात आपले शेजारी वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा आहेत. नागपूरचं नाव त्या यादीत नाही म्हणून आपण निवांत राहावं असं मात्र नाही. काळा पाषाण जिल्ह्याची हद्द ओळखत नाही.

हा सायफन शहरातही होतो बरं का. नळाला टिल्लू पंप लावतात ना, तेव्हा पाइपमध्ये ओढ निर्माण होते आणि जिथे जोड गळका असेल तिथून नालीचं पाणी आत खेचलं जातं. म्हणजे पेंचचं पाणी आलं की प्रश्न सुटला असं नाही.


कायद्याचा_कीस | २६ ऑगस्ट, सकाळी १०:००

नियम विचारला होता म्हणून. राज्याचा १९९३ चा भूजल कायदा आणि त्यानंतरचा २००९ चा, दोन्हींमध्ये सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला बंदी आहे. पण तुमचा लेआऊटचा खासगी बोअर "सार्वजनिक स्रोत" ठरेल का, यावर वकील दोन वर्षं जेवतील. जुन्या दंडसंहितेत २७७ आणि आता न्याय संहितेत २७९ हे सार्वजनिक पाणी नासवण्याचं कलम आहे. शेजाऱ्यावर ते लावायला पोलीस ठाण्यात जाऊ नका, हसतील आणि शेजार कायमचा जाईल.

लेआऊटमध्ये बंद पडलेले बोअर किती आहेत हे कोणी मोजलंय का? सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सोडलेले बोअर तळापासून भरून बंद करायचे निर्देश दिले, लहान मुलं पडतात म्हणून. पण उघडा मेलेला बोअर ही पाण्यासाठीसुद्धा सरळ खाली जाणारी नळीच आहे.


पायलीभर_पाणी | २६ ऑगस्ट, सकाळी १०:४०

कीससाहेब, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आहे एक. एका प्लॉटवाल्यानं बोअर मारला, पाणी लागलं नाही, वर पोतं ठेवून निघून गेला. त्याच्या बाजूला म्हशी बांधतात.

काका, मिठाचं सांगा.


काळा_पाषाण | २६ ऑगस्ट, सकाळी ११:३०

शोषखड्ड्यातून पाणी बोअरमध्ये येतं का, हे बघायचं. खड्ड्यात मीठ सोडायचं आणि बोअरचा टीडीएस दर तासाला मोजायचा. तुमचा तो खिशातला मीटर इथे पहिल्यांदा कामाला येईल. २५ किलो जाडं मीठ पाण्यात विरघळवा. सेप्टिक टाकीत टाकू नका, तिथले जंतू मरतील. टाकीनंतरच्या चेंबरमध्ये टाका म्हणजे थेट शोषखड्ड्यात जाईल. त्या दिवशी सगळ्यांनी पिण्याचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं. पंप नेहमीसारखा चालवायचा, कारण ओढ तीच हवी. आणि ज्याचा खड्डा आहे त्याच्या संमतीनंच करा, चोरून नाही.


छत_गळतंय | २६ ऑगस्ट, दुपारी २:००

मी म्हणतो, एवढं करण्यापेक्षा सगळ्यांच्या छतावरचं पाणी पाइपनं बोअरमध्ये सोडा. बोअर भरेल, घाण पातळ होईल, पातळीही वाढेल. आमच्या सोसायटीनं केलंय, पार्किंगचंसुद्धा पाणी सोडलंय.


काळा_पाषाण | २६ ऑगस्ट, दुपारी २:२५

पार्किंगचं पाणी? गाड्यांचं ऑइल, कुत्र्यांची घाण, टायरची काजळी, सगळं सरळ दोनशे फूट खाली?

भाऊ, आजच पाइप कापा. पुनर्भरण चांगलंच आहे, पण फक्त छताचं पाणी, तेही पहिल्या एक-दोन पावसांचं बाहेर काढून, गिट्टी-वाळूच्या गाळणीतून. आणि शक्य असेल तर बोअरमध्ये नाहीच, बाजूच्या पुनर्भरण खड्ड्यात, म्हणजे मुरमातून मुरून जाईल. वापरात असलेल्या पिण्याच्या बोअरमध्ये जमिनीवरचं पाणी सोडणं म्हणजे पोटात थेट सलाइन लावून त्यात नालीचं पाणी देणं.


छत_गळतंय | २६ ऑगस्ट, दुपारी ३:०५

काका रागावू नका. मी सेक्रेटरी नाही, मी नुसता तिथे राहतो. पण कापतो.


अंबाझरीच्या_खाली | २६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१०

२३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे तलाव भरून वाहिला तेव्हा आमच्याकडे छातीएवढं पाणी होतं. बोअर एक दिवस बुडालेला. ओसरल्यावर सगळे सोफे-फ्रिज बघत बसले, बोअरला कोणी हात लावला नाही, पंप चालू होतोय म्हणजे ठीक आहे असं म्हणत. आमच्याकडे तीन घरांत जुलाब झाले. नंतर क्लोरीन टाकून रात्रभर ठेवला आणि उपसला. केसिंग आता कमरेएवढं उंच केलंय. लोक विचारतात ही तोफ कशाची.


पायलीभर_पाणी | ३१ ऑगस्ट, रात्री ११:१५

मिठाचा प्रयोग झाला. जसं घडलं तसं सांगतो.

शेजारच्या काकांकडे मी आणि बायको संध्याकाळी गेलो. मला वाटलं दार आपटतील. त्यांनी चहा ठेवला आणि कपाटातून कागद काढले. त्यांचं घर २०११ चं. लेआऊटचा बोअर २०१४ चा. म्हणाले, "खड्डा आधी होता बेटा. तुमच्या कमिटीनं पाणाड्या आणला, त्यानं हातावर नारळ उभा केला आणि म्हणाला, इथे मारा. मी तेव्हाच म्हटलं होतं की माझ्या संडासाच्या इतक्या जवळ नको. कोण ऐकलं?"

राजेहो, मी त्या कमिटीत होतो. तो नारळ मी धरला नव्हता, पण पैसे मीच मोजले होते. पाणी कुठे लागतं एवढंच आम्ही विचारलं. कशाच्या बाजूला लागतं, हे २२ घरांतल्या एकानंही विचारलं नाही.

काकांनी संमती दिली. रविवारी सकाळी सहाला २५ किलो मीठ चेंबरमध्ये गेलं. बोअरचा टीडीएस ६४०. सात, आठ, नऊ, दहा, ६४० च्या आसपासच. मुलीनं वहीत तक्ता केला होता, तिलाही कंटाळा आला. अकराला ६५०. मी म्हटलं मीटरचा खेळ असेल. दुपारी एकला ६७०. तीनला ७२०. संध्याकाळी सहाला ७३०, मग हळूहळू उतरत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ६६०.

शेजारचे काका दुपारपासून खुर्ची टाकून तिथेच बसले होते. तीनच्या वाचनानंतर काही बोलले नाहीत, उठून घरात गेले. त्यांच्या नातवालाच पहिली कावीळ झाली होती.


काळा_पाषाण | १ सप्टेंबर, सकाळी ६:५०

पाच तासांत आगमन, बारा तासांत कळस. उघडी फट आहे. मातीतून आलं असतं तर आठवडे लागले असते.

आता खड्डा हलवायचा. बोअरपासून जास्तीत जास्त लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. सेप्टिक टाकी तिथेच राहू द्या, पण पाणी भरून २४ तास पातळी बघा, उतरली तर टाकीच गळते आहे. तिथून बंद पाइपनं पाणी लांब न्या. आणि खर्च सगळ्यांनी करा. बोअर चुकीच्या जागी सगळ्यांनी मिळून मारला.


पायलीभर_पाणी | १ सप्टेंबर, सकाळी ९:३०

काका, तेच ठरतंय. १९ घरं तयार आहेत. दोन विचार करतायत. एक म्हणतात, "आमच्याकडे आरओ आहे, आम्ही काऊन द्यायचे?"


माहेर_कळमेश्वर | १ सप्टेंबर, सकाळी ९:४५

त्यांना विचारा, दात कशानं घासता? भाजी कशानं धुता? आरओ स्वयंपाकघरात एका नळाला आहे, बाकीच्या सात नळांना नाही.


पायलीभर_पाणी | १९ सप्टेंबर, रात्री १०:००

कामाचा हिशोब देतो.

केसिंगभोवती खणलं. चार फुटांवर आम्हाला एक चप्पल, गुटख्याच्या पुड्या आणि जिवंत गांडुळं सापडली. गांडूळ बोअरच्या भिंतीला चिकटून बसलेलं पाहून त्या आरओवाल्या गृहस्थांनी तिथेच खिशातून पैसे काढले. सिमेंटचा गारा भरला, केसिंग अडीच फूट वर आलं, ओटा झाला. मेलेला बोअर खडी आणि मातीनं तळापासून भरला, वरचे दहा फूट सिमेंट. शोषखड्डा आता ९५ फुटांवर, खालच्या अंगाला.

काका, क्लोरीनचा हिशोब तुम्ही फोनवर सांगितला तो इथे टाका ना, लोक विचारतायत.


काळा_पाषाण | १९ सप्टेंबर, रात्री १०:३५

सहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेपाच लिटर पाणी असतं. पाण्याचा स्तंभ २०० फूट म्हणजे सुमारे ११०० लिटर. एकदाच जबर मात्रा द्यायची असते, लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन. त्यासाठी ताजी टीसीएल ३० टक्क्यांची धरली तर पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरची निवळीच बोअरमध्ये ओता. पंप लावून प्रत्येक घरच्या नळाला वास येईपर्यंत पाणी सोडा आणि बंद करा. रात्रभर राहू द्या. सकाळी वास जाईपर्यंत उपसा, पण झाडांना नको, सेप्टिक टाकीत नको. हातात रबरी मोजे, तोंड लांब. ही फक्त सफाई. रोजच्या टाकीत हजार लिटरला पाच ग्रॅमचा वेगळा हिशोब.

आणि वाट बंद केल्याशिवाय ही मात्रा देऊ नका. नाही तर दर महिन्याला देत बसाल.


तर्री_जास्त | २० सप्टेंबर, सकाळी ८:००

अपडेट: आमच्या वरच्या मजल्याची बाटली काळी निघाली. टीडीएस ९०. मी गप आहे.


पायलीभर_पाणी | २ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

बोअरची बाटली तीन दिवसांपूर्वी भरली होती. पूर्ण ४८ तास ठेवली, अजून पिवळसरच आहे. दुसरी शेवटच्या घरच्या नळाची, तीही तशीच. प्रयोगशाळेचा नायट्रेट ५८ आलाय, म्हणजे अजून ४५ च्या वर. काका म्हणतात दोन पावसाळे तरी लागतील. तोवर बाळ असलेल्या घरी कॅन.

तिसरी बाटली मुलीनं हट्टानं जुन्या विहिरीची भरली होती. ती बारा तासांतच काळी. त्या विहिरीची आणि बोअरची फट एकच असेल तर? काकांनी हा प्रश्न विचारला आणि माझी झोप उडाली.

तर येत्या रविवारी सकाळी सहाला विहीर उपसतोय. गाळ काढायचा, कठडा दुरुस्त करायचा, जाळी बसवायची. निर्माल्यासाठी वेगळा कलश ठेवलाय. तीन इंची पंप मिळालाय, गाळाला माणसं पाहिजेत. बेसा-मानेवाडा-हुडकेश्वर बाजूचे कोणी असाल तर या. तर्री-पोहे आमच्याकडून.


तर्री_जास्त | २ ऑक्टोबर, सकाळी ७:२४

येतो. पोहे कोणत्या पाण्यात भिजवणार ते आधी सांगा.